सुकडी खाऊन कुणी श्रीमंत झालं का?

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं यूएसएडला, म्हणजे परदेशात मदत वाटणाऱ्या आपल्या सरकारी संस्थेला, टाळं लावायला घेतलं आणि जुलैत ती संस्था अधिकृतपणे गुंडाळून टाकली, तेव्हा आपल्याकडं त्यावर जे काय बोललं गेलं त्यात मला दोनच सूर ऐकू आले. एक म्हणजे बरं झालं, साठ वर्षं पैसा वाटला आणि आफ्रिका आहे तिथंच आहे, सगळं तिथल्या पुढाऱ्यांच्या स्विस खात्यात गेलं. दुसरा म्हणजे अरे आता गरीब देशांचं कसं होणार, औषधावाचून माणसं मरतील. दोन्हीकडची माणसं तावातावानं बोलतात आणि दोघांनाही वाटतं आपण एकाच विषयावर भांडतोय. पहिला देश श्रीमंत होण्याबद्दल बोलतोय आणि दुसरा माणूस जगण्याबद्दल. हे दोन वेगळे हिशोब आहेत आणि एका वहीत लिहिले की गोंधळ होतोच.

आमच्या सोलापूर भागात हा फरक समजवायला अर्थशास्त्राचं पुस्तक लागत नाही. ७२ चा दुष्काळ बघितलेली पिढी अजून आहे, त्यातल्या कुणाच्याही शेजारी बसून नुसतं मिलो म्हणा, तोंड वाकडं होतं. परदेशातून आलेली लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. मंगळवेढ्याच्या मालदांडीची सवय असलेल्या हातांना त्या पिठाची भाकरी थापताच यायची नाही, कडा फाटायच्या, परातीतनं तव्यावर जाईपर्यंत दोन तुकडे, आणि कशीबशी भाजलीच तर गार झाल्यावर चावायची नाही. आणि मग सुकडी. केअर या अमेरिकन संस्थेमार्फत आलेली, गोडसर, पिवळसर, दुष्काळी कामावर वाटली जायची आणि बाया ती पदरात, पोरं ओंजळीत नाहीतर टोपीत घ्यायची. त्या सुकडीनं पोरं वाचली हे कुणीच नाकारत नाही, मीही नाही. पण सुकडीमुळं सांगोला तालुका सुधारला असं म्हणणारा एक माणूस दाखवा.

आणि खरं सांगायचं तर ७२ साली माणसं मुख्यतः सुकडीवर जगली नाहीत, कामावर जगली. खडी फोडली, रस्ते केले, पाझर तलाव खोदले, नालाबंडिंग केलं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती, आकडा नुसता डोळ्यासमोर आणून बघा. वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यात विसापूरला जो प्रयोग केला होता त्यातून पुढं रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ ला झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तिच्यासाठी पैसा कुठनं आणला? १९७५ ला व्यवसाय कर लावला. नोकरी करणाऱ्यांनी आपली पगाराची स्लिप काढून बघा, पीटी म्हणून महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतील आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. त्या कापलेल्या पैशाची सुरुवात अशी आहे, की शहरातल्या पगारदारानं द्यायचे आणि दुष्काळी गावातल्या मजुरानं काम करून मिळवायचे, आणि त्यात सरकारनं स्वतःची भर घालायची. पुढं २००५ ला दिल्लीनं देशभराचा कायदा केला तो ह्याच वळणावर.

आता कुणी म्हणेल की रोहयोत काय कमी खाल्लं का लोकांनी? खाल्लं ना. खोटी मस्टरं, मेलेल्या माणसांचे अंगठे, कागदावरचे बंधारे, सगळं झालं. पण ते बाहेर आलं, विधानसभेत गाजलं, अधिकाऱ्यांना घेराव पडले, मजुरांचे मोर्चे तहसील कचेरीवर गेले कारण मजुराला माहिती होतं की कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं. सुकडी कमी पडली तर ओरडायचं कुठं? देणारा बसलाय वॉशिंग्टनला, त्याला निवडून देणारा बसलाय आयोवा नाहीतर टेक्सासला, आणि त्या माणसाला तुमचं गाव नकाशावर सुद्धा दाखवता येत नाही. माझ्या मते परदेशी मदतीचा मूळ दोष हा आहे. ती कमी-जास्त असण्यात किंवा पुढाऱ्यांनी खाण्यात एवढा नाही, जेवढा देणाऱ्याला जाब विचारणारे एका देशात आणि घेणारे दुसऱ्या देशात असण्यात आहे.

अर्थशास्त्रज्ञ ह्यावर गेली पन्नास-साठ वर्षं भांडतायत. जेफ्री सॅक्स म्हणतात मदत कमी पडते म्हणून उपयोग होत नाही, मोठी द्या. विल्यम ईस्टरली म्हणतात वरून आखलेल्या योजनांनी देश वर येत नाहीत. अँगस डीटन, ज्यांना २०१५ चं नोबेल मिळालं, त्यांचं म्हणणं बरंचसं मी वर म्हटलं त्याच्या जवळ जातं, की बाहेरचा पैसा आला की सरकारला स्वतःच्या लोकांकडून कर गोळा करायची आणि त्यांना उत्तर द्यायची गरजच उरत नाही. आपले रघुराम राजन आणि अरविंद सुब्रमण्यन यांनी कितीतरी देशांचे आकडे वेगवेगळ्या पद्धतीनं तपासले आणि २००८ ला छापलेल्या पेपरात सांगितलं की मदत आणि देशाची वाढ यांच्यात ठामपणे सांगता येईल असा संबंध दिसत नाही, चांगलाही नाही आणि वाईटही नाही. दुसऱ्या काही लोकांनी आकडे लांब काळाचे घेतले तर थोडा फायदा दाखवला. म्हणजे सरासरीत काहीच नीट हाती लागत नाही. मला वाटतं सरासरी काढण्यातच घोळ आहे, कारण झाईरच्या मोबुटू नावाच्या हुकूमशहाला दिलेला डॉलर आणि अमूलच्या कुरियन यांच्या हातात आलेली दूध पावडर एका रकान्यात टाकली की उत्तर शून्याच्या आसपासच येणार.

मोबुटूचं आधी उरकून टाकतो. झाईर म्हणजे आजचं काँगो, १९६५ ते १९९७ हा माणूस सत्तेवर. १९७८ ला नाणेनिधीनं एर्विन ब्लूमेंथाल नावाच्या जर्मन बँकरला तिथल्या मध्यवर्ती बँकेत बसवलं, त्यानं नंतर लेखी सांगितलं की ह्या लोकांकडून पैसे परत मिळायची काही आशा नाही. तरी पैसे चालूच राहिले. का तर शीतयुद्ध, मोबुटू अमेरिकेच्या बाजूला होता. देणाऱ्याला जे हवं होतं ते मिळत होतं, म्हणजे देणाऱ्याच्या हिशोबानं ती मदत यशस्वीच म्हणायची!

आता दूध. साठच्या दशकाच्या शेवटी युरोपात दूध पावडर आणि बटरचे डोंगर साठले होते, तिथल्या शेतकऱ्याला सरकार भाव देत होतं, माल विकला जात नव्हता, मग गरीब देशांना मदत म्हणून द्या. असला फुकट माल एखाद्या देशात आला की काय होतं हे सांगायला नको, शहरात स्वस्त दूध, पुढारी खूश, आणि गावातला गवळी म्हैस विकून मोकळा. वर्गीस कुरियन आणि त्यांच्या राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळानं मदत घेतली पण फुकट वाटायला ठाम नकार दिला. १९७० ला ऑपरेशन फ्लड सुरू झालं, पहिल्या टप्प्यात जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १ लाख २६ हजार टन पावडर आणि ४२ हजार टन बटर ऑइल आलं. ते पाण्यात कालवून दूध केलं आणि मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासला विकलं, असं की गावच्या दुधाचा भाव पडू नये, आणि विकून आलेल्या पैशातून गावोगावी संकलन केंद्रं, शीतकरण, टँकर, डेअऱ्या उभ्या केल्या. म्हणजे युरोपचा जास्तीचा माल वापरून युरोपचा माल पुढं लागणारच नाही अशी व्यवस्था केली. ह्यावर टीका बरीच झाली, काही टीकेत तथ्य पण असेल, पण १९९८ पर्यंत भारत जगात दुधात एक नंबरला गेला ही गोष्ट खरी आहे. आज आपल्याकडं गावात सकाळी सहाला फॅट लावायच्या मशीनपुढं किटल्या घेऊन जी रांग लागते तिच्या मुळाशी कुठंतरी ती पावडर आहे. दुधाच्या दरावरून भांडणं, संघांचं राजकारण हे सगळं आहेच, तो वेगळ्या लेखाचा विषय.

ह्यात फरक काय होता? पावडर यायच्या आधी गुजरातेत आणंद होतं. १९४६ पासून तिथल्या शेतकऱ्यांचा संघ चालू होता, काम करून दाखवलेलं होतं, माणसं तयार होती, आणि अट घालायची वेळ आली तेव्हा अट आपण घातली. दक्षिण कोरियाचं तसंच. पन्नासच्या दशकात तो देश अमेरिकन मदतीवर तगून होता आणि तरी वाढ यथातथाच. पुढं १९६५ च्या करारात जपानकडून जे पैसे मिळाले त्यातले काही त्यांनी पोहांगच्या पोलाद कारखान्यात घातले, तेही जागतिक बँकेनं हा कारखाना परवडणार नाही म्हटल्यावर. कारखाना १९७३ ला सुरू झाला आणि पुढं जगातल्या मोठ्या पोलाद कंपन्यांत गेला. सल्ला ऐकला असता तर बसले असते. आता प्रत्येक वेळी बँकेचं ऐकू नका असा ह्याचा अर्थ नाही, कितीतरी देशांनी असले हट्टाचे कारखाने काढले आणि ते गंजून पडले. पण चुकायचा अधिकार आणि चुकल्यावर भोगायची जबाबदारी एकाच ठिकाणी असली की माणूस जरा जपून पाऊल टाकतो.

आणि अट दुसऱ्यानं घातली की काय होतं ते पण आपण बघितलंय. १९६५ आणि ६६, लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला, देशात १९६६ ला १ कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणावं लागलं, बरंचसं अमेरिकेच्या पीएल ४८० कायद्याखाली, आणि तिथले राष्ट्राध्यक्ष जॉन्सन साहेब जहाजं एकेक महिन्याच्या हिशोबानं सोडायचे, का तर व्हिएतनामवर आपण बोलतो ते त्यांना आवडत नव्हतं आणि आपल्या शेतीचं धोरण त्यांना बदलून हवं होतं. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये, तेही जागतिक बँक आणि अमेरिकेच्या दबावाखाली आणि बदल्यात जेवढी मदत मिळेल म्हणून सांगितलं होतं तेवढी आलीच नाही. मात्र त्याच वर्षी मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं गेलं. बोरलॉग या अमेरिकन शास्त्रज्ञाचं वाण बाहेरचं, पण ते आपल्या रानात बसवणारे स्वामिनाथन आणि त्यांचे सहकारी इथले, मंत्री सी. सुब्रमण्यम इथले, आणि १९६५ ला काढलेलं अन्न महामंडळ इथलं. जहाजातल्या गव्हानं वर्ष निघालं, बियाण्यानं पुढची पन्नास वर्षं निघाली.

पण एवढं कौतुक केल्यावर उजनीबद्दल बोललं नाही तर सोलापूरचे लोक मला सोडणार नाहीत. धरण १९८० ला पूर्ण झालं, ११७ टीएमसीचं. कालव्याखालच्या रानाच्या कामाला, म्हणजे भीमा लाभक्षेत्र विकासाला, १९७९ ला आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचं कर्ज मिळालं, ही संस्था युनोची, ऑफिस रोमला, आणि त्यांच्या भारतातल्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी हे एक. कागदावर काय होतं, की दुष्काळी पट्ट्यातल्या जास्तीत जास्त शेतकऱ्यांना थोडं थोडं पाणी, ज्वारी-गहू असल्या पिकांना, टेलपर्यंत म्हणजे कालव्याच्या शेवटापर्यंत. झालं काय? ऊस. आज जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आहेत, रात्री टेंभुर्णीकडनं येताना ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉल्यांच्या मागनं गाडी काढून दाखवा. कालव्याच्या तोंडाशी पाट भरून वाहतो, टेलचा शेतकरी मोबाईलवर आवर्तन कधी सुटणार विचारत बसतो, आणि धरणापासून शंभरेक किलोमीटरवरच्या सोलापूर शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. घराघरात बॅरल, पिंप, टाक्या, पाहुणे यायचे असले तर आधी पाण्याचा दिवस बघायचा.

म्हणजे कर्ज वाया गेलं का? नाही हो. पंढरपूर, माळशिरस, माढ्यात पैसा आला, बागा आल्या, द्राक्षं-डाळिंबं आली, पोरं शिकली, जिल्ह्याची वाढ झालीच. पण ती कुणाकडं गेली हे रोमच्या ऑफिसात ठरलं नाही, इथं ठरलं, कारखान्याच्या चेअरमनपदाच्या आणि कालवा समितीच्या राजकारणात. परदेशी संस्थेचा माणूस येतो, रिपोर्ट लिहितो, टेलला पाणी पोचत नाही असं त्यात नमूदही करतो आणि विमानात बसून जातो. उसाच्या टोळीला अडवायची त्याची टाप नाही आणि अधिकारही नाही. पैसे बाहेरून आणता येतात, तंत्र आणता येतं, पण पाटाचं दार कुणी किती उघडायचं ह्याची मारामारी बाहेरून कुणी येऊन सोडवत नाही.

आता ज्या गोष्टीनं मला हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडं येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर एकूण ५० टक्के टॅरिफ लावलं. आमच्याकडं अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. सोलापूरचा टेरी टॉवेल बाहेर जातो, त्याच्यामागं वाइंडिंग करणाऱ्या बाया, लूमवर बारा-बारा तास उभा असलेला पूर्वभागातला कामगार, डाईंगवाला, कडा शिवणारी, पॅकिंगवाली पोरं, अशी किती घरं आहेत. हे लोक कधी मदत मागायला गेले नाहीत. त्यांना फक्त माल विकायचा होता. मिल बंद पडल्या तेव्हा ह्या गावाला कुठल्या परदेशी संस्थेनं सावरलं नाही, पॉवरलूमनं सावरलं, आणि पॉवरलूमचा टॉवेल घेणारं गिऱ्हाईक होतं म्हणून सावरलं. एका हातानं मदत द्यायची आणि दुसऱ्या हातानं दार लावायचं, हे मोठे देश नेहमी करतात आणि त्याची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही.

रवांडाची गोष्ट तर भारीच आहे. अमेरिका-युरोपात वापरून टाकलेले कपडे दान म्हणून गोळा होतात आणि गठ्ठे बांधून पूर्व आफ्रिकेत विकले जातात. तिथल्या शिवणकामाच्या, कापडाच्या धंद्याला असल्या स्वस्त मालापुढं उभं राहणं अवघड. २०१६ ला तिथल्या देशांनी मिळून ठरवलं की जुने कपडे हळूहळू बंद करायचे. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली आणि सरकारनं दम दिला की मग तुमचा माल आमच्याकडं ड्युटी-फ्री येणार नाही. बाकीचे मागं सरले, रवांडा अडून बसला, आणि २०१८ ला रवांडाच्या कपड्यांची ड्युटी-फ्री सवलत अमेरिकेनं काढून घेतली. त्याच काळात रवांडाला अमेरिकेची मदत मात्र चालूच होती! चादरीच्या गावात राहणाऱ्या माणसाला ह्यात काय चुकतंय ते फोड करून सांगावं लागत नाही. बांगलादेशाकडं बघा, त्यांना मदत पण भरपूर मिळाली, पण देश उभा राहिला तो कपड्यावर. १९७९ ला देश गारमेंट्स नावाच्या कंपनीनं १३० माणसं कोरियाला देवू कंपनीकडं शिकायला पाठवली, पुढं युरोपचा बाजार ड्युटीशिवाय मिळाला, आणि आज त्यांच्या निर्यातीत बहुतेक सगळं कपडाच आहे. आणि परदेशात राबणाऱ्या माणसांनी घरी पाठवलेला पैसा तर गरीब आणि मधल्या देशांना मिळतो तो सगळ्या सरकारी मदतीच्या तिपटीच्या आसपास, तोही थेट आईच्या खात्यात, मध्ये सल्लागार नाही की कॉन्फरन्स नाही.

मग सगळी मदत बंद करा? मी असं अजिबात म्हणत नाही आणि म्हणूनच यूएसएड बंद पडल्यावर टाळ्या वाजवणारे मला आवडले नाहीत. देवी रोग जगातून गेला त्यात मदतीच्या पैशाचाही वाटा होता. २००३ ला बुश यांनी सुरू केलेल्या एड्सच्या कार्यक्रमानं लाखो माणसं वाचली, आणि त्यातलं औषध बरंचसं भारतीय कंपन्यांनी स्वस्तात बनवलेलं. सिप्लानं २००१ ला वर्षाला ३५० डॉलरमध्ये औषध देतो म्हटलं तेव्हा बाकीच्या कंपन्या हजारोंमध्ये विकत होत्या. गोळी दिली की माणूस वाचतो, ह्यात राजकारणाची गुंतागुंत कमी आहे, मोजता येतं, चुकलं तर कळतं. असली मदत एका सहीनं रातोरात थांबवणं म्हणजे चालू सलाईन काढणं आहे. तिनं जीडीपी वाढला का हा प्रश्न विचारणाराच मूर्ख. तिनं माणसं जगली, बास. वाढीसाठी मात्र निव्वळ चेकवर विश्वास ठेवू नका एवढंच माझं म्हणणं, तिथं बाजार उघडा, तंत्र द्या, आणि पैसे द्यायचेच तर ज्याच्याकडं आधीपासून स्वतःचा बेत आहे आणि नाही म्हणायची धमक आहे त्याला द्या.

आता हे बोलून झाल्यावर एक अडचणीची गोष्ट. आपण आता स्वतः देणारे झालोय. अफगाणिस्तानात संसद बांधली, सलमा धरण बांधलं, श्रीलंका २०२२ ला बुडाली तेव्हा ४ अब्ज डॉलर्सच्या आसपास आधार दिला. आफ्रिकेला आपण जे स्वस्त कर्ज देतो त्यात साधारण ७५ टक्के माल-सेवा भारतातूनच घ्यायची अशी अट असते. म्हणजे अमेरिकेला ज्याबद्दल नावं ठेवतो तेच. आणि बाजार उघडण्याचं म्हणाल तर बांगलादेशाच्या कपड्याला आपण २०११ पासून ड्युटी-फ्री केलं होतं, मग मे २०२५ मध्ये जमिनीवरच्या सीमेवरून तो माल आणायला बंदी घातली. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्यांचे कारखाने आहेत, बाया मशीनवर बसतात, स्वस्त माल आला तर पहिला मार त्यांनाच. दार उघडं ठेवा असं मी वर टॉवेलच्या नावानं अमेरिकेला सांगितलं, तेच भाषण ढाक्यातल्या शिवणारीसाठी गणवेशवाल्यांच्या मीटिंगला जाऊन करायचं म्हटलं तर मला आधी विचारतील की तुमचं दुकान कुठलं. आणि तरी माझ्या मते ते करायला पाहिजे, फक्त इथल्या बायांना त्या बदल्यात काय देणार ते त्याच मीटिंगला सांगून.